गारांच्या शुभ्रतेंत

बर्फानें झांकलेलें रान आणि त्यांत उभा असलेला एखादा पक्षी, अशीं चित्रें पाहून आमचे विद्यार्थी विचारतात, "आपल्या यवतमाळांत असें कधीं दिसेल काय?" हिम आमच्या जिल्ह्यांत पडत नाहीं. परंतु माघ-फाल्गुनांत, पळस फुलले असतां व गहूं पिंवळा पडला असतां, केव्हां केव्हां जें कोसळतें तें घटकाभर सारें शिवार पांढरें करून सोडतें. सन 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें विदर्भ व मराठवाडा गारपिटीनें झोडपून निघाले, तेव्हां हें दृश्य आम्हीं जवळून पाहिलें व शाळेच्या कॅमेऱ्यानें टिपलें.

गार ही हिमाची बहीण खरी, पण स्वभावानें निराळी. हिम पिसासारखें उतरतें. गार मात्र उंच मेघांत जन्मते. वर चढणारा वारा तिला पुनःपुन्हां थंड थरांत उचलतो, प्रत्येक वेळीं पाण्याचें नवें वेष्टण तिच्यावर गोठतें, आणि भार असह्य झाला म्हणजे ती दगडासारखी खालीं येते. मोठी गार चिरून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. आमच्या मुलांनीं तीं वर्तुळें मोजलीं देखील.

पाऊस ओसरल्यावर आम्ही पांच-सहा विद्यार्थ्यांसह दारव्ह्याच्या रस्त्यानें गांवाबाहेर गेलों. थंड गारांवरून विरळ धुकें उठत होतें. त्यांत पळसाचीं केशरी फुलें चिखलांत पडलेलीं, आणि बांधावर एक बगळा, पांढऱ्यावर पांढरा! असें चित्र घेणें सोपें नव्हे. कॅमेऱ्यांतील यंत्र समोरचें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें गृहीत धरून प्रकाश मोजतें, म्हणून शुभ्र भूमि मळकट उतरते. अशा वेळीं यंत्र सांगतें त्याहून अधिक प्रकाश आंत घ्यावा लागतो. बगळा बिचारा हलला नाहीं. बहुधा त्यालाहि मार लागला असावा.

मराठींत 'टिपणें' हें क्रियापद मोठें चमत्कारिक आहे. पांखरूं दाणा टिपतें, पारधी पांखरूं टिपतो, आणि छायाचित्रकारहि तेंच टिपतो! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 'केवढें हें क्रौर्य!' या कवितेंत पारध्याच्या टिपण्यावर अश्रु ढाळले. येथें तर पारधी कोणीच नव्हता.

कारण पुढें चिंचेखालीं साळुंक्या, पोपट व चिमण्या यांचा खच पडला होता. कांहींचे पंख अजून थरथरत होते. मुलांनीं जिवंत तेवढीं निवडून रुमालांत घेतलीं. कॅमेरा पुढें करावयास कोणाचाहि हात धजेना. आमच्या रविवारच्या शाळेंत थोड्याच दिवसांपूर्वीं प्रभूनें चिमण्यांविषयीं सांगितलेल्या वचनाचा धडा झाला होता. एका मुलीनें तो आठवून विचारलें, "सर, मग ह्या इतक्या कशा पडल्या?" ईयोबाच्या पुस्तकांत गारांच्या भांडारांचा उल्लेख आहे, पण तेथेंहि प्रश्न विचारणारा देवच आहे, आणि ईयोब निरुत्तर आहे. आम्हीं तिला तेवढेंच सांगितलें. तिचें समाधान झालें असें वाटलें नाहीं, व तसा आग्रहहि आम्हीं धरला नाहीं.

इतक्यांत शेजारच्या शेतांतून एक वृद्ध शेतकरी आला. त्याचा गहूं आडवा झाला होता, हरभऱ्याचे घांटे गळून मातींत मिसळले होते. तो म्हणाला, "सर, बगळ्याचा फोटो काढला, तं आमच्या गव्हाचाबी काढून ठेवा. तलाठीसाहेब येवस्तोर ह्या गारा थोड्याच राहतीन?"

त्याचें म्हणणें अगदीं खरें होतें. पंचनामा होईतों शुभ्रतेचा मागमूसहि उरत नाहीं. उरतो तो चिखल, आणि तो पाहून कोणास कल्पना यावी? मग मुलांनीं शेताच्या चारी कोपऱ्यांतून चित्रें घेतलीं. गारांचा आकार कळावा म्हणून एकीनें शेजारीं रुपयाचें नाणें ठेवलें. ही युक्ति तिची स्वतःची. उजेड मंद होत होता व पायाखालीं गारा विरघळत होत्या, म्हणून सर्वांची घाई चालली होती.

गव्हाचीं चित्रें छापून दुसऱ्याच दिवशीं मुलांनीं त्या शेतकऱ्याच्या घरीं पोंचविलीं. रुमालांतल्या पांखरांपैकीं दोन साळुंक्या सकाळीं उडून गेल्या.