पानिपतकर

काही गावांची नावे भाषेत शिरतात आणि मग त्यांचे गावपण संपते. मराठीत पानिपत हे गाव नाही, ती एक अवस्था आहे. परीक्षेत मुलाचे पानिपत होते, निवडणुकीत पक्षाचे होते, पत्त्यांच्या डावात भिडू चुकला तर आपले स्वतःचेही होते. विश्वास कोठे राहिला असे कोणी विचारले, तर तो पानिपतात गेला हे उत्तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी माझ्या बदलीच्या हुकमात या गावाचे नाव आले, तेव्हा पुण्याच्या नातलगांनी ती वार्ता गंभीरपणे ऐकलीच नाही. "शेवटी सरकारने केलेच म्हणायचे!" एवढे बोलून आमचे मेहुणे पोटभर हसले.

पूर्वी आपल्याकडे उत्तरेतून आलेल्या माणसाला परदेशी म्हणत. पुष्कळ घराण्यांचे ते आडनाव होऊन आजही नांदते आहे. देश म्हणजे घाटावरचा मुलूख आणि त्यापलीकडचा तो परदेश, इतका सोपा हा भूगोल होता. त्या हिशेबाने आता आम्हीच परदेशी झालो. पारपत्र लागले नाही, नाणे बदलावे लागले नाही. परंतु देश बदलला आहे, हे पहिल्या आठवड्यातच वाण्याच्या दुकानात कळले. सौ.ने ज्वारीचे पीठ मागितले, तेव्हा त्या भल्या गृहस्थाने आधी तिच्याकडे व मग माझ्याकडे नवलाने पाहिले आणि घरी जनावरे किती आहेत, असे विचारले. हरयाणात ज्वारी पेरतात ती मुख्यतः गुरांच्या चाऱ्यासाठी. आपण जिला जीव की प्राण मानतो, ती भाकरी येथे म्हशीच्या दावणीला बांधलेली होती.

दुसरा धक्का भाषेचा. हिंदी मला येत होती, म्हणजे कार्यालयातील टिपणीपुरती येत होती. येथील बोलीत मात्र लहानथोर सगळ्यांना सरसकट एकेरी संबोधतात. "तू कद आया?" असे भाजीवाल्याने विचारले, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जपलेला माझा अहो-जाहोचा डोलारा क्षणभर हलला. त्या 'तू'त उपमर्द नाही, हे कळायला सहा महिने लागले. त्याच माणसाच्या तोंडी भेटीचा पहिला शब्द 'राम राम' असे, आणि तो शब्द मी माझ्या आजोळी माणच्या माळावर लहानपणापासून ऐकला होता.

तिसरी गोष्ट पंचांगाची. आपला महिना अमावास्येला संपतो, येथला पौर्णिमेला. त्यामुळे येथे सावन सुरू होतो तेव्हा आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो. शेजारच्या बायका वडाची पूजा अमावास्येला करीत, आणि आमच्या घरी पंधरा दिवसांनी, वटपौर्णिमेला, एकटी सौ. वडाचा शोध करीत निघे. पहिल्या वर्षी तिने संध्याकाळी एवढेच म्हटले, "इथे उपाससुद्धा एकटीनेच करायचा." स्थलांतराचे खरे दुःख त्या वाक्यात होते. परक्या मुलखात अन्न मिळते, निवारा मिळतो. मिळत नाही ती आपल्याबरोबर त्याच दिवशी उपाशी राहणारी माणसे.

महाराष्ट्रातून पाहुणा आला की त्याला काला अंब दाखविणे, हे आमच्या घरचे जणू कुलव्रत झाले. गावापासून सात-आठ किलोमीटरवर ते स्थान आहे. तेथे एक काळसर दिसणारा आंबा होता, लढाईतील रक्ताने तो काळवंडला, अशी लोककथा. ते झाड आज नाही. लोखंडी कुंपणात विटांचा एक स्तंभ उभा आहे, भोवती बाग आहे, आणि दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून व हरयाणातून लोक येऊन येथे अभिवादन करतात. पाहुणे तेथे गंभीर होतात, कपाळाला माती लावतात, छायाचित्र काढतात, आणि संध्याकाळच्या गाडीने दिल्लीस परततात. त्यांच्या भावनेविषयी मला आदरच आहे. परंतु दहा-बारा वेळा तेथे उभे राहिल्यावर माझ्या मनात लढाईहून निराळेच प्रश्न येऊ लागले.

लढाई एका दिवसाची होती. पण ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतल्यावर मराठी फौज मागे वळली आणि महिनाअखेरीस येथे येऊन थांबली, ती १४ जानेवारी १७६१ पर्यंत. म्हणजे अडीच महिने हजारो मराठी माणसे या गावात राहत होती. नुसते शिपाईच नव्हेत. बुणगे होते, बाजारकरी होते, यात्रेच्या आशेने आलेली कुटुंबे होती, बायकामुले होती. खंदकाच्या आत त्यांचा संसार चालला होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि दाण्यागोट्याचा प्रश्न प्राणांवर आला. इतिहासकार त्या दिवसांत डावपेच पाहतो. मला मात्र कोणी एखादी बाई दिसते, जिने पौषाच्या धुक्यात ओल्या लाकडांवर चूल पेटविली असेल आणि गावच्या वाण्याशी आपल्याला न येणाऱ्या भाषेत पिठाचा भाव केला असेल.

आणि लढाईनंतरचा दिवस? भरतपूरच्या सूरजमल जाटाने वाचलेल्या निर्वासितांना अन्नवस्त्र व आसरा दिला, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने सांगतो. ते लोक परत गेले. जे परत गेले नाहीत त्यांचे काय झाले? करनाल, कुरुक्षेत्र, कैथल, पानिपत या जिल्ह्यांत रोड नावाचा शेतकरी समाज आहे. त्यातील पुष्कळ लोक स्वतःला येथे राहून गेलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. कोल्हापूरचे इतिहास-संशोधक डॉ. वसंतराव मोरे यांनी हे मत आग्रहाने मांडले. इतर काही अभ्यासकांना ते मान्य नाही, आणि खुद्द त्या समाजातही सर्वांचे एकमत नाही. रोहतक जिल्ह्यातील सांघी या गावी तर स्वतः भाऊसाहेब वाचले व साधू होऊन राहिले, अशी आख्यायिका सांगतात. बलुचिस्तानात बुगटी टोळ्यांच्या मुलखात अब्दालीने नेलेल्या मराठी कैद्यांचे वंशज म्हणून ओळखले जाणारे लोक आहेत. यातील खरे किती, हा वाद पंडितांवर सोपवू. माझ्या प्रश्नाला त्याची बाधा येत नाही. कोणी ना कोणी मागे राहिलेच असणार. आणि जो राहिला त्याला दुसऱ्या दिवशी पाणी कोठून आणावे, हेच आधी पाहावे लागले असणार. त्याला पराभवाचा शोक करण्याइतकी उसंत नव्हती. त्याने कोणाच्या तरी शेतात काम मागितले असेल, तेथली बोली उचलली असेल, आणि नातवंडांच्या पिढीपर्यंत त्याची मराठी विझली असेल.

२०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक मिळविले. त्याचे खंडरा हे गाव पानिपत जिल्ह्यातच आहे. तो रोड समाजातला, म्हणून मराठी वर्तमानपत्रांनी मोठ्या हौसेने त्याला आपला म्हटले. मलाही त्या दिवशी ऊर भरून आला. पण येथील चौकात मिठाई वाटणाऱ्यांना त्याला आपला म्हणण्यासाठी कोणताही इतिहास उकरावा लागला नाही. तो त्यांच्या वाटेवरून शाळेत गेला होता, एवढे त्यांना पुरेसे होते.

आमच्या शेजारी एक वृद्ध माताजी राहत. फाळणीच्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या; झंगहून येथे आल्या. त्या १९४७ साली या गावाने फार मोठी उलथापालथ पाहिली. मौलाना हालींचे हे गाव. येथील जुनी मुसलमान घराणी पाकिस्तानात गेली, आणि पश्चिम पंजाबातून आलेल्यांनी त्या रिकाम्या गल्ल्या भरल्या. हालींचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास हे येथेच जन्मले आणि आयुष्यभर मुंबईकर होऊन राहिले, हे मी माताजींना सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त मान हलविली. एकदा मी त्यांच्यापाशी पुण्याच्या आठवणी काढीत बसलो होतो: तेथली हवा, तेथली नाटके, श्रावणातली फुले. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "बेटा, तेरा पिंड तो है ना वहाँ?" पिंड म्हणजे गाव. मराठी कानाला तो शब्द निराळाच लागला. तुझे गाव तेथे अजून आहे ना, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी हो म्हणालो, आणि त्यानंतर त्यांच्यापुढे पुण्याचे नाव काढणे मला जमले नाही.

आपण बदलीची माणसे स्वतःला विस्थापित समजण्याची थोडी चैन करीत असतो. आपले विस्थापन सरकारी खर्चाने होते, त्याला प्रवासभत्ता मिळतो, आणि आपले गाव नकाशावर असते. म्हणूनच की काय, आपण नव्या जागी नीट रुजतही नाही. किती मराठी अधिकाऱ्यांच्या घरी मी दोऱ्या न सोडलेली खोकी पाहिली आहेत! तीन वर्षांनी हलायचेच आहे, मग उघडायची कशाला? दिल्लीत आपली मंडळे आहेत, गणेशोत्सव आहे, २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोऱ्यावर साहित्यसंमेलनही झाले. हे सारे हवेच. पण शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसताना त्यावर दिवस ढकलले, तर ते राहणे नव्हे, तो मुक्काम.

पानिपतात आज जगभरातून टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांची गाठोडी येतात. बायका बटणे, साखळ्या, अस्तरे काढून टाकतात आणि ते कपडे रंगांप्रमाणे निवडतात. मग यंत्र त्यांच्या चिंध्या करते, चिंध्यांचे सूत होते, सुताची कांबळी होतात. आधीच रंगवार निवडल्यामुळे त्या सुताला बहुधा पुन्हा रंग द्यावा लागत नाही. कोटाचे कोटपण जाते, शिवण जाते, मापे जातात. रंग तेवढा राहतो. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला माझ्या नातीची आठवण झाली. मुलगी गुरुग्रामला असते. नात चार वर्षांची आहे, आणि खेळून आली की म्हणते, "आजी, मी थक गेले." सौ. दर वेळी सांगते, "दमले म्हणावं." ती दमले म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थकते. तिच्या मुलांच्या तोंडी कदाचित ती 'मी'ही उरणार नाही. हे मला दुखते, आणि ते दुखू नये अशी माझी इच्छाही नाही. रुजण्याचे मोल असते, ते कोणाला चुकत नाही.

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होत आहे. पाच वर्षांपूर्वी माझी बदली दिल्लीस झाली, तरी बिऱ्हाड येथेच राहिले आणि मी रोज आगगाडीने ये-जा करीत आलो. आता कोथरुडातील सदनिका रिकामी करून घ्यावी, असे बहीण कधीची म्हणते आहे. तिचे वय झाले आहे, आणि तिचे म्हणणे नुसत्या मायेचे नाही, गरजेचेही आहे. मी हा प्रश्न सौ.पुढे ठेवला. वडासाठी एकटी हिंडणारी ती. उत्तर मला ठाऊक आहे असे वाटले होते. ती म्हणाली, "तिकडे आपल्याकडे लोक वेळ ठरवून येतील. इथे कुणी वेळ विचारत नाही." तिच्या डोळ्यांपुढे २०२१ चा एप्रिल होता. मी तापाने फणफणलो होतो, घरात कोणी यायचे नाही अशी ताकीद होती, आणि सतरा दिवस माताजींच्या सुनेने सकाळ-संध्याकाळ आमच्या उंबऱ्याबाहेर जेवणाचा डबा ठेवला. प्राणवायूचे सिलिंडर भाजीवाल्याच्या भावाने मिळविले. कोठून, ते त्याने सांगितले नाही. विश्वास पानिपतात गेला असे आपण म्हणतो. मला तो येथेच भेटला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माताजी गेल्या. त्यांची सून आता वडाची पूजा दोनदा करते. एकदा आपल्या अमावास्येला आणि एकदा सौ.बरोबर पौर्णिमेला. तिला कोणी कारण विचारले तर म्हणते, नवऱ्याचे आयुष्य थोडे जास्त मागितले तर देव काही रागावणार नाही.

आम्ही येथेच राहण्याचे ठरविले आहे. थंडीचे चार महिने बहिणीकडे काढावयाचे, ही त्यातली तडजोड. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन दिनदर्शिका आहेत, एक पुण्याहून येते ती आणि एक येथल्या वाण्याने दिलेली. शुक्ल पक्षात दोहोंवर एकच महिना असतो. वद्य पक्ष लागला की येथला महिना पुढे जातो, आपला पंधरा दिवस मागे रेंगाळतो. अशा पंधरवड्यात कोणता सण कोणत्या दिवशी धरायचा, ते दोन्ही पाने पाहून सौ. ठरविते, आणि बहुधा दोन्ही धरते.