नळीचं तोंड कुठे?

२०२४च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि पुढचे कित्येक आठवडे आमच्या रेंजचा फोन सारखा वाजत राहिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकमध्ये पदक घेतो, मग आपल्या पोरानं का घेऊ नये, असं आईबापांना वाटणं रास्तच आहे. पण त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असायचा : “मॅडम, मुलगा आठ वर्षांचा आहे. कुठली रायफल घेऊ?” कधी पाठवू, काय शिकवाल, किती वेळ द्यावा लागेल, हे सगळं नंतर. आधी खरेदी.

मी लहान मुलांना १० मीटर एअर रायफल शिकवते. या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे : कुठलीच घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी नको. हे उत्तर अनेकांना उडवाउडवीचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं बोलू. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे २१ वर्षांखालच्या व्यक्तीला बंदुकीचा परवाना मिळत नाही. सरावासाठी मात्र १२ वर्षांवरच्या मुलांना देखरेखीखाली बंदूक हाताळता येते. स्पर्धेत चालते ती ४.५ मिलिमीटरची, २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्यातून वगळलेली आहे. इथेच घोळ होतो. “परवाना लागत नाही, म्हणजे खेळणंच की!” असं एक गृहस्थ मला म्हणाले होते. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, पण नळीतून सुटताना त्याचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो. जवळून लागला तर तो कातडीत घुसतो, आणि डोळा फुटायला तर याच्या कितीतरी कमी वेग पुरतो. परवाना नाही म्हणजे सरकारी कागद नाही, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनीत नेमबाजीची परंपरा गावोगावच्या क्लबांतून चालत आली आहे, तरी तिथेही एअर रायफलला सर्वसाधारणपणे १२ वर्षांची अट आहे. त्याहून लहान मुलं प्रकाशाचा ठिपका पाडणाऱ्या बंदुकीवर नेम शिकतात. छर्रा नाही, हवा नाही. माझ्या मते आठ वर्षांच्या मुलाची पहिली बंदूक तीच असावी.

आपल्याकडे बहुतेकांची पहिली बंदूक म्हणजे जत्रेतली, नाहीतर चौपाटीवरची. फळीवर ओळीनं लावलेले फुगे, बंदूक मधोमध मोडून छर्रा भरून देणारा माणूस, आणि दस्ता खांद्याला पुरत नाही म्हणून तो काखेत धरून नेम लावणारं पोर. पहिली बंदूक कशी नसावी, हे शिकायला ही एक पुरे. दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा. नळी मोडायला मुलाची ताकद पुरत नाही. घरी अशी बंदूक आणली की मूल ती पोटाशी धरतं आणि दोन्ही हातांनी जोर लावतं. त्या झटापटीत नळीचं तोंड कुणाकडे वळलं, याचं भान त्याला राहत नाही. हात निसटला तर नळी उसळते आणि बोट चेचतं. शिवाय आतली स्प्रिंग सुटताना बंदुकीला झटका बसतो आणि मूल डोळे मिटून चाप ओढायला शिकतं. ती खोड मोडायला मला पुढे महिने घालवावे लागतात.

स्पर्धेच्या रायफलमध्ये दाबाखालची हवा भरलेला सिलिंडर असतो. बाजूचा खटका दोन बोटांनी उघडतो, धक्का जवळजवळ नसतो, आणि छर्रा एका वेळी एकच, हातानं भरायचा. छर्ऱ्याची बंदूक द्यायची वेळ आली, की मुलांसाठी हाच प्रकार योग्य. पण यातही एक मेख आहे. जत्रेतली बंदूक भरायला मुलाला मोठा माणूस लागतो. ही रायफल आठ वर्षांचं मूल एकट्यानं, आवाज न करता भरू शकतं. म्हणून सुरुवातीचे कित्येक दिवस छर्ऱ्यांची डबी माझ्याकडे असते. मूल खटका उघडतं, नळी रिकामी असल्याचं मला दाखवतं, मी नळीतून केशरी दोरी आरपार घालते. नळीच्या तोंडातून ती दोरी लोंबताना दिसली, म्हणजे आत काही नाही याची लांबूनही खात्री पटते. दोरी काढायची ती मी सांगितल्यावर. छर्रा मिळतो तो त्याच्याही नंतर, आणि एकच.

आता मापाचं. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. रायफल तशी घेतली की मुलाची पाठ बिघडते. नियमाप्रमाणे एअर रायफलचं वजन ५.५ किलोपर्यंत चालतं. २५ किलोच्या मुलाच्या हातात तसली रायफल दिली, तर ते कंबर पुढे काढून, पाठ मागे वाकवून तिचा भार कण्यावर घेतं. वाढीच्या वयात हे रोज तासभर चाललं, तर पुढे नेमबाजीऐवजी फिजिओथेरपी करावी लागते. म्हणून आखूड नळीची, हलक्या दस्त्याची ज्युनिअर रायफल. आणि तीही सुरुवातीला हातावर न तोलता स्टँडवर किंवा उशीवर टेकवून, बसून. उभं राहून मारायची घाई मुलांपेक्षा बापांना जास्त असते, कारण फोटो उभ्यानं चांगला येतो.

माप बघायची सोपी रीत आहे. कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याची मागची बाजू कोपराच्या आतल्या खळग्याला टेकवायची. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज यायला हवं. ओढूनताणून येत असेल तर दस्ता लांब आहे. दुसरी गोष्ट डोळ्याची. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ फटीतच दिसत राहतं, तो डोळा प्रमुख. उजव्या हातानं लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रमुख निघतो. ऑनलाइन मागवलेली महागडी रायफल उजव्या हाताची असते आणि मग सगळाच खर्च पाण्यात जातो.

चापाचंही असंच. अव्वल नेमबाजांच्या रायफलचा चाप इतका हलका असतो की बोट टेकलं की सुटतो. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमची अट आहे, एअर रायफलला तसली अट नाही. नवशिक्या मुलासाठी मी चाप मुद्दाम जड करून घेते. बोट ठेवलं आणि गोळी सुटली, यांच्यामध्ये विचाराला थोडी जागा हवी. आणि पिस्तूल पहिल्यांदा नकोच. रायफलची लांब नळी वळली की सगळ्यांना दिसतं. पिस्तूल मनगटासरशी मागच्या माणसावर रोखलं जातं. “मॅडम, हे अडकलंय,” असं म्हणत मूल वळतं, ते पिस्तुलासकट.

हलकी, मापाची, एकच छर्रा घेणारी, जड चापाची. एवढं जमलं म्हणजे बंदूक सुरक्षित झाली का? अमेरिकेत ‘माझी पहिली रायफल’ अशी जाहिरात करून खास मुलांसाठी ‘क्रिकेट’ नावाची .२२ बोअरची रायफल विकतात. गुलाबी, निळ्या दस्त्यांची. हलकी, आखूड, एका वेळी एकच गोळी घेणारी. २०१३मध्ये केंटकी राज्यात पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याच्या अशाच रायफलची गोळी सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल घरात कोपऱ्यात उभी होती. आत एक गोळी राहिली आहे, हे घरच्यांना माहीत नव्हतं. मापानं बघितलं तर ती बंदूक मुलासाठी अगदी योग्य होती. नव्हतं ते कुलूप, आणि आत काही नाही याची खात्री करून घेणारा मोठा माणूस. त्या देशात स्थायिक झालेल्या मराठी आईबापांनाही माझं हेच सांगणं असतं : मूल मित्राकडे खेळायला जाणार असेल, तर त्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हे आधी विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण मुलाला शेंगदाणे चालत नाहीत हे आपण सांगतोच ना?

म्हणून रायफल क्लबातच राहावी, असा माझा आग्रह असतो. पुढे कधी घरी आणावी लागलीच, तर रायफल एका कुलपात, छर्रे दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे. “आमचा बंड्या तसा नाही हो,” हे कुलूप नव्हे.

आणखी एक धोका कुणाच्या ध्यानात येत नाही. छर्रे शिशाचे असतात. मुलं दोन-चार छर्रे तळहातावर घोळवतात, एखादा दातात धरतात, आणि त्याच हातानं डबा उघडून पोळीचा रोल खातात. शिसं मुलांच्या मेंदूला मोठ्यांपेक्षा जास्त अपाय करतं. आमच्याकडे डब्याआधी साबणानं हात धुणं हा सरावाचाच भाग आहे. रेंजवर खाणं बंद. क्लब निवडताना इतर चौकशीबरोबर बेसिन कुठे आहे, तेही बघा.

मग मूल तयार आहे, हे ओळखायचं कसं? वय ही एक खूण, पण तेवढ्यावर मी जात नाही. मी दोन गोष्टी बघते. रिकामी रायफल टेबलावर टेकवून मूल नेम धरतं, आणि ऐन चाप ओढण्याच्या बेतात असताना मी “स्टॉप!” म्हणते. बोट लगेच चापावरून बाहेर येतं का? “एकदाच, एकदाच” म्हणत जे मूल तरीही चाप ओढतं, ते हुशार असेल, गुणी असेल, पण अजून तयार नाही. दुसरी गोष्ट मी पालकांना विचारते : घरात काही फुटलं तर हा आपणहून सांगतो का? नळीत छर्रा राहून गेला, हे मला सांगणारं मूल हवं. मार बसेल म्हणून लपवणारं मूल रेंजवर सगळ्यांत धोक्याचं. आणि तो दोष बहुधा मुलाचा नसतो.

दिवाळीच्या दिवसांत हे लिहिते आहे, तर टिकल्यांच्या पिस्तुलाबद्दलही बोलते. नातू पिस्तूल रोखतो, आजी हात वर करते, सगळे हसतात, व्हिडिओ निघतो. “खेळणं आहे हो,” हे मलाही मान्य. पण बंदूक माणसावर रोखायची असते, हा पहिला धडा तिथे गिरवला जातो आणि मला तो पुढे पुसावा लागतो. टिकल्या खुशाल वाजवा; भिंतीकडे, जमिनीकडे. कार्बाइड गन नावाच्या नळीला मात्र दारातही उभं करू नका. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ आणि आसपासच्या भागांत अनेक मुलांचे डोळे तिनं भाजले, काहींची दृष्टी गेली. ती बंदूकही नाही आणि फटाकाही नाही, निव्वळ अपघात आहे.

आणि घाई कशासाठी? ऑलिंपिक नेमबाज अंजली भागवत कॉलेजात एनसीसीमुळे रायफलकडे वळल्या. स्वप्नीलनं किशोरवयात क्रीडा प्रबोधिनीत नेमबाजी धरली. आठव्या वर्षी स्वतःची रायफल नव्हती, म्हणून दोघांचंही काही अडलं नाही.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला रायफल विकत घेऊ नका. मुलाला घेऊन जवळच्या रेंजवर या, मागच्या बाकावर तासभर बसा आणि तिथल्या प्रशिक्षकाकडे लक्ष द्या. तो मुलांना “किती लागले?” हे आधी विचारतो की “नळीचं तोंड कुठे?” हे, तेवढं ऐका. दुसरा प्रश्न आधी विचारणारा भेटला, तर मूल त्याच्या हवाली करा. बंदूक कुठली, ते तो सांगेल.