हात लावायची कला

माझी भाची प्रॉडक्ट डिझायनर आहे. तिच्या हातात कुठलीही नवी वस्तू दिली की ती आधी उलटी करून बूड बघते. फुलदाणी असो, लाकडी डबा असो, नाहीतर कुणी लग्नात दिलेला चांदीचा करंडा. वरून सगळेच नीट करतात, करणाऱ्याने कंटाळा कुठे केलाय ते खाली कळतं, असं तिचं म्हणणं. अशा मुलीला वाढदिवसाला द्यायचं काय, हा आमच्याकडे दरवर्षीचा पेच. साडी ती नेसत नाही, पुस्तकं तिची ती आणते, आणि पाकीट दिलं तर ‘मावशी, तूसुद्धा?’ अशा नजरेने बघते.

हल्ली अशा लोकांसाठी म्हणून वेगळी दुकानं निघाली आहेत. रिक्षाचं चित्र असलेली उशी, ट्रकच्या मागची अक्षरं छापलेला ट्रे, कटिंगच्या ग्लासात ओतलेली मेणबत्ती, नथ घातलेल्या बाईच्या डोळ्यांवर गॉगल. दुकानात हसू येतं, नाही असं नाही. पण हा विनोद एकदाच होतो. दुसऱ्या आठवड्यात ती उशी नुसती उशी असते आणि ट्रेवरची अक्षरं चहाच्या डागांखाली जातात. भाचीला मी असा एक ट्रे दिला होता. तिने तो उलटा केला, ‘मस्त आहे गं’ म्हणाली आणि त्यात कांदे-बटाटे ठेवायला लागली.

मी बँकेत आयुष्य काढलेली बाई. फोर्टातल्या शाखेत होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जहांगीर आर्ट गॅलरीत चक्कर मारायची सवय लागली. तिथलं ‘समोवार’ हे उपाहारगृह तेव्हा चालू होतं, तिथे चहा व्हायचा. चित्रं बघायची ती हात मागे बांधून, आवाज न करता, देवळातल्यापेक्षाही जास्त शिस्तीत. किमतींची यादी तेवढी चोरून बघायची. कलेत गंमतही असू शकते आणि तिला हात लावायची मुभाही असू शकते, हे मला भाचीबरोबर फिरायला लागल्यावर समजलं.

सुरुवात राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापासून झाली. 1872 सालची ती इमारत. आतले खांब, जिने, छताची नक्षी अशी की माणूस आपोआप दबकून चालतो. 2003 ते 2008 या काळात तिची डागडुजी झाली आणि पुढे तिथे आजच्या कलाकारांची प्रदर्शनं भरू लागली. 2015 मध्ये ठुकराल आणि टागरा या जोडीचं ‘गेम्स पीपल प्ले’ भरलं होतं. विषय खेळ हाच, टेबल टेनिसपासून कुस्तीपर्यंत. एवढ्या गंभीर वास्तूत खेळाचा पसारा बघून मला आधी चुकल्यासारखं वाटलं. भाची मात्र घरच्यासारखी वावरत होती.

बाहेर आल्यावर तिने बागेतला काळा घोडा दाखवला. राजा सातवा एडवर्ड ज्यावर बसला आहे तो, मूळचा. 1965 साली त्याला फोर्टातून उचलून इथे आणलं. पन्नास वर्षं तिकडे घोडाच नव्हता, तरी बसवाले, टॅक्सीवाले आणि आम्ही सगळे ‘काळा घोडा’च म्हणत राहिलो. मग 2017 मध्ये तिथे नवा काळा घोडा उभा केला, पण पाठीवर कुणी नाही. राजाला वगळून घोडा परत आणायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. दरवर्षी काळा घोडा महोत्सवात रस्त्यावर मोठमोठी शिल्पं मांडतात. त्यांतली निम्मी फोटो काढून घेण्यापुरतीच असतात असं माझं मत आहे, पण हा बिनस्वाराचा घोडा रोज बघूनही शिळा होत नाही.

त्याच दिवशी ट्रेनमध्ये तिने मला फोनवर एल. एन. तल्लूर या कर्नाटकातल्या शिल्पकाराचं काम दाखवलं. ‘क्रोमेटोफोबिया’ असं नाव, 2012 सालचं. एक लाकडी ओंडका, शेजारी हातोडा. बघायला येणाऱ्याने खिशातलं नाणं काढायचं आणि ओंडक्यात ठोकून बसवायचं. लोक ठोकतात, ओंडका नाण्यांनी भरत जातो. ज्या बाईने एक रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री आठ-आठ वाजेपर्यंत शाखेत बसून काढलं आहे, तिला हे बघून काय वाटलं असेल! आधी जीव हळहळला. मग इतकी हसले की समोरची बाई बघायला लागली. मला तो हातोडा खरोखरच हातात घ्यावासा वाटला. त्यावर भाची म्हणाली, “बघ, आता विनोद त्याचा नाही राहिला. तुझा झाला.”

तेव्हापासून भेटवस्तूकडे मी त्याच नजरेने बघायला लागले. घेणाऱ्याला त्यात करण्यासारखं काही उरलं आहे का?

गोव्याला गेलो तेव्हा पर्वरीजवळ तोर्ड्याला मारिओ गॅलरीत गेलो. समोरच जेरार्ड द कुन्हा या वास्तुरचनाकाराने बांधलेलं ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय आहे, रस्त्याच्या फाट्यावर जहाज लागावं तसं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आमच्या पिढीला घरचे. कुलाब्याच्या मोंडेगार कॅफेच्या भिंतींवर त्यांची चित्रं बघत बिअर प्यायलेले माझे सहकारी आजही तिथलाच हिशेब सांगतात. गॅलरीत त्यांची चित्रं कपांवर, टाइल्सवर, टी-शर्टांवर मिळतात. मला वाटलं, ही पण त्या उशीचीच भावंडं. पण भाचीने एक टाइल उचलली, रिवाजाप्रमाणे पाठ बघितली आणि मग पुढच्या बाजूला नाक लावून बराच वेळ उभी राहिली. बाजाराचं चित्र होतं. मासेवाली, पाद्री, कुत्री, बाल्कनीत वाकलेली बाई, कोपऱ्यात आणखी एक कुत्रं, त्याच्याकडे बघणारी मांजर. मारिओंच्या चित्रात रिकामी जागा शोधूनही सापडत नाही. टाइल आता तिच्या ओट्यामागे बसवली आहे आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मीही तिच्यासमोर उभी राहून नवीन माणूस शोधते. नुसत्या बघण्यातही हात गुंतवायची ही दुसरी तऱ्हा.

परतताना बांदा ओलांडून सावंतवाडीला उतरलो. चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. आंबा, केळी, सीताफळ, वांगी. लहानपणी मामाने आणलेल्या अशा परडीतल्या लाकडी केळ्याला मी दात लावले होते. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करत. भाचीने परडी घेतली नाही, एक भोवरा घेतला. पण आमचं खरं काम मोती तलावाकाठच्या राजवाड्यात होतं, गंजिफा बघायचं.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, म्हणजे भेट द्यायची वस्तू म्हणूनही ती जुनीच. मोगली गंजिफेत आठ रंग आणि 96 पत्ते. आपल्याकडे तिची दशावतारी झाली: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत, मिळून 120. सावंतवाडीत ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी हे म्हातारे कलाकार तेवढे उरले होते. 1970 च्या सुमारास शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी दोघेही त्यांच्याकडून शिकले आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. संस्थानं गेल्यावर राजा-राणीने बसून पत्ते रंगवायला शिकावं, हे मला त्या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोठं वाटतं.

दरबार हॉलमध्ये कलाकार उतरत्या मेजांपुढे बसलेले होते. एक बाई मत्स्याचा रंग करत होत्या. नव्वा चालू होता. तळहातात मावणाऱ्या गोलात नऊ मासे, तीन-तीनच्या ओळीत, प्रत्येकाला डोळा, कल्ला आणि खवल्यांच्या बारीक रेघा. त्यांनी ब्रश रंगात बुडवला, वाटीच्या कडेला निथळला, श्वास रोखला आणि एका दमात माशाची पाठ ओढली. मग मान वर न करता आम्हाला म्हणाल्या, “बोला तुम्ही, मी ऐकतंय.” भाचीने तिथल्या तिथे हिशेब केला: एका रंगात एक ते दहा मिळून 55 चिन्हं, म्हणजे पूर्ण संचात 550 मासे, कासवं, शंख, परशू वगैरे. वर 20 राजे-प्रधान वेगळे. सगळं हाताने.

पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा हात देऊन, घोटून, रंगवून शेवटी लाखेचा थर चढवत. आता जाड कागद, पोस्टर रंग आणि वॉर्निश. भाचीने अर्थातच पत्ता उलटा केला. मागे काहीच नाही, सपाट एकच रंग. मला वाटलं आता हिचा विरस होणार. ती खूश! खेळायच्या पत्त्याची पाठ बोलकी असून चालत नाही, सगळ्या पाठी सारख्याच मुक्या हव्यात, म्हणजे ही माणसं खेळणाऱ्याचा विचार करणारी आहेत, हा तिचा निष्कर्ष. पुढच्या बाजूलाही प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, त्यामुळे हातातला पंखा नुसता कडेने पाहिला तरी रंग लावता येतात. गोल असल्याने वर-खाली हा प्रश्न निम्मा मिटतो.

मग तिची गाडी तिच्या दैवतांवर गेली. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं. 1958 मध्ये त्यांनी भारत सरकारसाठी अहवाल लिहिला आणि त्यात आपल्या साध्या लोट्याची मनापासून तारीफ केली. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था उभी राहिली. याच जोडप्याने 1952 मध्ये ‘हाउस ऑफ कार्ड्स’ नावाचे पत्ते काढले होते, कडेला खाचा असलेले. एकात एक अडकवायचे आणि घर बांधायचं. जगातल्या संग्रहालयांच्या दुकानांत ते आजही विकतात. “ते घ्यायचे होते मला,” ती म्हणाली, “पण हे जास्त भारी आहेत. त्यांचं घर बांधून झालं की झालं. याला नियम आहेत.”

राजवाड्यात गंजिफेचे छोटे तुकडेही विकायला होते: पेल्याखाली ठेवायच्या चकत्या, भिंतीवर लावायच्या चौकटी. ज्यांना नुसती आठवण न्यायची त्यांना ते ठीक. संपूर्ण संच लाकडी पेटीसकट काही हजारांचा पडतो, पेटीही रंगवलेली. मी बाबर नव्हे, पण निवृत्तीनंतर थोडं सैल झालेलं बरं, असं म्हणून पेटीच घेतली. एकच अट घातली: काचेच्या कपाटात ठेवायची नाही.

त्या वर्षी गणपतीला भाची पेटी घेऊन कोकणात आमच्या घरी आली. तिघांचा डाव, प्रत्येकाला 40 पत्ते. गोल पत्ते चाळीस हातात धरणं म्हणजे परीक्षाच. सुटतात, घरंगळतात, चटईखाली जातात. दहापैकी पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शा मोठा आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. रमी-बदामसत्तीवर वाढलेली माणसं आम्ही. पहिल्या संध्याकाळी नुसती भांडणं झाली. सदाशिवकाकांना कासवाचा एक्का कुठल्या गटातला ते शेवटपर्यंत पटलं नाही. पोरांना नियमांशी कर्तव्य नव्हतं, त्यांना घोड्यावरचे सगळे प्रधान एका रांगेत लावायचे होते. दोनच दिवसांत काही पत्त्यांच्या कडा किंचित उडाल्या. मी चुकचुकले, तर भाची म्हणाली, “अगं, वापरतायत म्हणून उडतायत.”

या खेळातला माझा सगळ्यात आवडता नियम पहिल्या उतारीचा. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री खेळत असाल तर कृष्णाच्या राजाने. कुणाच्या डोक्यातून हे निघालं असेल कोण जाणे, पण चौकटीत टांगलेल्या पत्त्याला हे कधीच सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी पाने वाटून होईपर्यंत कातरवेळ झाली. राम काकांकडे, कृष्ण माझ्याकडे. काका म्हणाले, बाहेर उजेड आहे. मी म्हटलं, देवापुढे दिवा लागलाय. पंच म्हणून आईला विचारलं. नव्वदीला टेकलेल्या आईने खिडकीतून बाहेर बघितलं, गोठ्याकडे बघितलं आणि निकाल दिला, “गुरं आली घरी. कृष्ण.”

काका तो डाव हरले. सकाळी आम्ही उठून चहाला बसतोय तर ते आंघोळ आटोपून, चटई अंथरून, पत्ते पिसत बसलेले. म्हणाले, “चला, आता राम.”