दारू कोरडी होती

"दारू ओली झाली असणार," दुकानातला तो माणूस माझ्या नवऱ्याला म्हणाला. मला नाही. प्रश्न मी विचारला होता, बंदूक माझी होती, शिकारीचा परवाना माझ्या नावावर होता. नवरा फक्त गाडी चालवायला आला होता. आयुष्यात कधी बंदुकीला हात लावणार नाही असा तो माणूस. या गोष्टीला काही वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. कारण दारू ओली नव्हती.

आम्ही पेनसिल्वेनियाच्या मधल्या, डोंगराळ भागात राहतो. इथे हरणांच्या शिकारीचे वेगवेगळे मोसम असतात आणि नाताळनंतरचा एक मोसम फक्त चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीसाठी राखलेला आहे. १९७४ पासून तो चालू आहे. काडतुसाची बंदूक तर नाहीच, केपाचीही चालत नाही आणि वर दुर्बीण लावता येत नाही. घोड्याच्या तोंडात गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादाच्या पट्टीवर घासते, ठिणग्या बाहेरच्या छोट्या वाटीतल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकेवर पडतात, रंजकेची ज्योत नळीच्या कानातून आत शिरते आणि आतली दारू पेटते. एवढं सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर व्हायला हवं.

कुडाळजवळच्या आमच्या गावात आजोबांकडेही ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, केपाची. रानडुकरं आणि वानरं भातात, बागेत शिरू नयेत म्हणून. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. भावांना ती हातात धरायला मिळे, मला नाही. मी ठासणीची बंदूक चालवायला शिकले ते इथे, शेजारच्या आजोबांकडून. त्यांनी मला दारू मापून ओतायला, चिंधीत गोळी धरून गजानं ठासायला, चाप ओढल्यावरही नेम न हलवता धरून ठेवायला शिकवलं. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं बंदूक मला दिली, सोबत एक लाकडी पेटी: गारगोट्या, कान साफ करायची तार, गोळी ओढून काढायचा स्क्रू आणि रंजकेची एक छोटी कुपी. नळीत घालायच्या दारूचा डबा मात्र रिकामा होता.

म्हणून दुकान गाठलं. हे २०२१ सालचं. लुइझियानातला गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना त्याच सप्टेंबरात बंद झाला होता आणि खरी काळी दारू कुठे मिळत नव्हती. (पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीनं घेतला.) तशीही ती फार दुकानांत नसतेच. सोरा, कोळसा आणि गंधक, ७५, १५ आणि १० या प्रमाणात. शिवाजी महाराजांच्या तोफांतही याच तीन गोष्टींचं मिश्रण होतं. पण अमेरिकी कायद्याच्या दृष्टीनं ती स्फोटक आहे. विकणाऱ्याला स्फोटकांचा वेगळा केंद्रीय परवाना लागतो, ती साठवायची व्यवस्था लागते. घेणाऱ्याला खेळासाठी किंवा शिकारीसाठी ५० पौंडांपर्यंत काही लागत नाही, पण विकायलाच कुणी नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? म्हणून दुकानांत असते ती पर्यायी दारू. तिची सुरुवात डॅन पॉलॅक नावाच्या माणसानं केली. त्यानं बनवलेली पायरोडेक्स १९७६ साली बाजारात आली आणि १९७७च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या त्याच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात तो स्वतः गेला. नंतर ट्रिपल सेव्हन आली, ब्लॅकहॉर्न आली. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

मी त्या माणसाला स्पष्ट सांगितलं: चकमकीची बंदूक आहे, पन्नास कॅलिबर, मला काळी दारू हवी आहे. तो म्हणाला, "आता हीच काळी दारू. सगळे हीच वापरतात. कमी धूर, कमी घाण, पाण्यानं धुऊन निघते." आणि गंधक नसलेल्या पर्यायी दारूचा एक पौंडाचा डबा त्यानं काउंटरवर ठेवला. मी पुन्हा विचारलं, चकमकीच्या बंदुकीत चालेल ना? "ठासणीची बंदूक ती ठासणीची बंदूक," तो म्हणाला.

नेमबाजीच्या मैदानावर काही बार गेले. पण वाटीत भक्‌ झाल्यावर मध्ये एक रिकामी जागा राहायची आणि मग धडाम्‌. काही वेळा नुसतीच रंजक उडायची. मी पुन्हा दुकानात गेले. त्यानं गारगोटी बोथट झाली असेल म्हणून नव्या गारगोट्या विकल्या. आणि "बाईमाणसाचा हात बारानं दचकतो, म्हणून उशीर झाल्यासारखा वाटतो," असंही सांगितलं. हे तो माझ्याकडे न बघता बोलला.

त्या मधल्या जागेबद्दल मला सविस्तर सांगायलाच हवं. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत अर्धा सेकंद गेला तरी हरीण तेवढ्यात एक पाऊल टाकतं. छातीवर धरलेला नेम पोटावर जातो. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही. ते पळतं, झुडपात बसतं, पुन्हा उठतं, रात्रभर कण्हत पडून राहतं. शेजारच्या आजोबांनी मला पहिल्या दिवशी बजावलं होतं की गोळी चुकली तर हरकत नाही, पण अर्धवट लागू द्यायची नाही. मराठी मंडळातल्या बायका मला विचारतात, तू हरीण कशी मारू शकतेस? त्यांना मी सांगते की इथल्या जंगलात हरणं इतकी वाढली आहेत की ओकची कोवळी रोपं वर येऊच देत नाहीत, आणि रस्त्यावर गाडीखाली मरतात ती वेगळी. पण माझं खरं उत्तर शेजारच्या आजोबांचं आहे. मारायचं तर नीट मारायचं. आणि त्या काउंटरवरच्या माणसानं माझ्या हातात अशी वस्तू दिली होती की नीट मारणं माझ्या हातात उरलंच नव्हतं.

जानेवारीत रॉथरॉक स्टेट फॉरेस्टमध्ये एका जुन्या लाकडाच्या वाटेवर, हेमलॉकच्या खोडाला पाठ टेकून मी बसले होते. थंडी कोरडी, बोचरी, बर्फाचा पातळ थर, खाली उतारावर माउंटन लॉरेलची हिरवी झुडपं. वारा माझ्या बाजूला होता. तीन माद्या वर चढत आल्या. मोठी पुढे. ती साधारण चाळीस पावलांवर आडवी उभी राहिली, मान खाली घालून बर्फ हुंगत. मी घोडा मागे घेतला, तिनं कान फिरवला, थांबली. मी चाप ओढला.

रंजक भक्‌कन उडाली. गालावर ऊब लागली. नळीत काही नाही. शांत.

अशा वेळी बंदूक खाली घेता येत नाही. आत दारू धुमसत असेल तर बार कधीही सुटू शकतो. नियम असा की तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबायचं. मी थांबले. धुराच्या त्या एवढ्याशा ढगातून मादी माझ्याकडे बघत होती. तिला मी दिसत होते की फक्त काहीतरी हललेलं कळलं होतं, देव जाणे. तिनं पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला. मग पुन्हा आपटला. मागच्या दोघी ताठ झाल्या. पुरेसा वेळ गेल्यावर मी हातमोजा दातानं ओढून काढला, तारेनं कान टोकरला, वाटीत नवी रंजक घातली, झाकण बंद केलं. एवढं होईपर्यंत ती तिथेच उभी होती! मी पुन्हा नेम धरला. पुन्हा भक्‌. पुन्हा काही नाही. मग तिची पांढरी शेपटी वर गेली आणि तिघी उतारावरून लॉरेलमध्ये शिरल्या.

रंजक उडवून टाकली, वाटी पुसली की इथल्या नियमाप्रमाणे बंदूक रिकामी धरतात, तशी गाडीत घालून घरी आणली. घरात घेतली नाही, गॅरेजमध्येच ठेवली. थंड नळी उबेत आली की आत पाणी धरतं. दुसऱ्या दिवशी घोड्याच्या तोंडातली गारगोटी काढून टाकली आणि गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढली. शिशात स्क्रू फिरवताना हात भरून आले. गोळी निघाली, मागोमाग चिंधी, आणि मग नळी उलटी केल्यावर सत्तर ग्रेन दारू कागदावर पडली. सुटी. कोरडी. बोटानं पसरली तर एक दाणा दुसऱ्याला चिकटलेला नव्हता.

रात्री बाबांना कुडाळला फोन केला. ते आधी म्हणाले, "दारू वली झाली आसतली." मी सांगितलं, नाही, कोरडी खडखडीत आहे आणि तिच्यात गंधकच नाही. त्यावर ते क्षणभर गप्प राहिले. "गंधक नाय? मगे ती ठिणगीन पेटतली कशी?" माझे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. बंदूक त्यांनी आजोबांनंतर दिवाळीलाच पुसली असेल. त्यांना जे एका वाक्यात कळलं ते दारू विकून पोट भरणाऱ्याला कळू नये?

गोष्ट खरंच तेवढी सरळ आहे. गंधकामुळे काळी दारू चटकन पेट घेते. पर्यायी दारूला जास्त आच लागते. केपाची ज्योत, किंवा नव्या धर्तीच्या ठासणीच्या बंदुकीत बसवतात तो शॉटगनचा २०९ प्रायमर, थेट दारूत घुसतो, त्याला ते जमतं. चकमकीच्या बंदुकीत कानातून येते ती रंजकेची कृश ज्योत. आगकाडीनं ओंडका पेटवायला जाण्यासारखं ते आहे. पर्यायी दारू बनवणारे हे लपवतही नाहीत. विकणाऱ्यानं माहीत करून घ्यायचं, एवढंच.

तर मी ते दाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाडीत नवऱ्याला घेऊन दुकानात गेले, आणि तो माणूस नवऱ्याला म्हणाला की दारू ओली झाली असणार. मी पिशवी काउंटरवर ठेवली. त्यानं उघडलीसुद्धा नाही. उघडलेला डबा परत घेत नाही, हा नियम, असं म्हणाला. शेजारच्या रांगेतला एक म्हातारा शिकारी हळूच म्हणाला, "चकमकीत ही नाही चालत, बाई." तो माणूस खांदे उडवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला पैसे नको होते. "मला माहीत नव्हतं" एवढं त्यानं म्हटलं असतं तरी मी घरी आले असते.

त्या मोसमात मी पुन्हा गेले नाही आणि पर्यायी दारूला मी महिनोन्‌महिने शिव्या दिल्या. पुढच्या ऑक्टोबरात मात्र, माद्यांसाठी असतो त्या आठवड्यात, जिथे कोणतीही ठासणीची बंदूक चालते, एका सहकाऱ्यानं आपली २०९ प्रायमरची बंदूक दिली आणि मी तोच डबा उघडला. बार एकसंध, धारदार सुटला. मादी जागच्या जागी पडली. संध्याकाळी नळी गरम पाण्यानं धुतली तर खरंच चटकन स्वच्छ झाली, काळ्या दारूची ती सडक्या अंड्यासारखी घाण नाही, हाताला वास नाही. मालवणी मसाल्यातलं ते मटण मंडळातल्या दोन बायकांनीही मागून खाल्लं. ती दारू उत्तम आहे. आता ऑक्टोबरात मी तीच वापरते, आणि नाताळनंतर खरी काळी. स्फोटक म्हणून पाठवणीचा खर्च मोठा येतो, म्हणून आम्ही क्लबमधले काही जण मिळून एकदमच मागवतो. ज्याच्याकडे चकमकीची बंदूक आहे त्यानं हेच करावं, असं मी कुणालाही सांगेन. आणि धूर न करणारी आधुनिक दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालू नये, नळी फुटते, हेही.

गेल्या डिसेंबरात मी त्याच दुकानात मोजे घ्यायला गेले होते. तोच माणूस एका विशीतल्या मुलाला तोच डबा दाखवत होता. मुलाच्या हातात नवीकोरी चकमकीची बंदूक. मी मध्ये पडले. दोघांसमोर सगळं सांगितलं, कान, रंजक, गंधक, ती मादी. मुलगा नीट ऐकत होता. मग त्यानं विचारलं, खरी दारू कुठे मिळेल? मी म्हटलं, मागवावी लागेल, दहा दिवस लागतील. मोसम परवा सुरू होत होता. त्यानं डबा उचलला, मला थँक यू म्हटलं आणि पैसे द्यायला गेला.