आठ तास, ऐंशी किलोमीटर

थोरला भाऊ प्रवासी जहाजावर खानसामा. अब्बांचा उरणला इंतकाल झाला तेव्हा तो भरसमुद्रात होता. मातीला पोहोचला नाही. पाच महिन्यांनी त्याचं जहाज एका दिवसासाठी मुंबईला, बॅलार्ड पिअरला लागलं. चारला परत हजर व्हायचं होतं.

मी नेरूळहून भाड्याची गाडी केली. आठ तास, ऐंशी किलोमीटर. वर होईल त्याचे पैसे वेगळे. अम्मी डबा घेऊन मागे बसली. त्याला घेऊन शिवडीहून अटल सेतूवर चढलो. जानेवारी २०२४ मध्ये हा २१.८ किलोमीटरचा पूल सुरू झाला नसता, तर खाडीला वळसा घालण्यातच त्याची सुट्टी सरली असती.

कबरस्तानच्या फाटकाशी अम्मी गाडीतच थांबली. भाईजानने फातिहा पढला. मग हळूच विचारलं, "आता माती देता येते का रे?"

"तुझ्या तीन मुठी मीच दिल्यात. माझ्या तीन झाल्यावर."

तो काही बोलला नाही.

डबा पीरवाडीच्या किनाऱ्यावर उघडला. महिनोन् महिने समुद्रावर राहणारा माणूस, पण पँट दुमडून लाटांत उभा राहिला. मी हाक मारणार, तर अम्मी म्हणाली, "राहू दे त्याला. जहाजावर पाय भिजत नाहीत."

चारला दहा कमी असताना धक्क्यावर पोहोचलो. वरच्या किलोमीटरचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. म्हणाला, "एवढं तरी माझ्या हातून होऊ दे."