जिमची गाडी आणि पत्र्याची भिंत

मुलांनो, तुम्ही कधी आमच्या वाशिम जिल्ह्यात आलात, तर शेलू बाजारच्या आसपास जरा थांबा. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. दोन्हीकडे सोयाबीन आणि तूर, मधेच एखादी बाभूळ, आणि त्या शेतांतून पट्टीनं रेघ मारावी तसा सिमेंटचा सहा पदरी रस्ता. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये नागपूर ते मुंबई असा सगळा, ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोटारींना तिथं ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. बाबांच्या मोटारसायकलला आणि काकांच्या ट्रॅक्टरला मात्र वर चढायची परवानगी नाही.

मागच्या हिवाळ्यात परिसर अभ्यासाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना घेऊन या रस्त्यावरून जाणाऱ्या पुलापर्यंत गेले होते. मुलं आधी बराच वेळ गाड्या मोजत बसली. नुसता झूंऽऽ असा आवाज यायचा आणि गाडी दिसेनाशी व्हायची! मग एकानं विचारलं, "मॅडम, या रस्त्याले दोन्हीकून पत्र्याची भिंत काहून लावली?"

"गाडी घसरली तर झाडावर जाऊ नये म्हणून," मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण त्याचं काही समाधान झालं नाही. "चांगला डायवर असला तर कायले घसरंल?" हा त्याचा पुढचा प्रश्न. मग शाळेत परतल्यावर मी त्यांना जिम क्लार्कची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

जिम क्लार्क हा स्कॉटलंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९३६ चा. चार मोठ्या बहिणी आणि हा एकटा भाऊ. घरी मेंढ्या होत्या, शेती होती, आणि ती पुढं जिमनंच सांभाळायची असं ठरलेलं होतं. त्यानं शर्यतीत भाग घेणं घरच्यांना मुळीच पसंत नव्हतं. पहिल्या शर्यतीत तो धावला तोही मित्राच्या गाडीतून, १९५६ साली. पण गाडी अशी काही चालवायचा की पाहणारा थक्क व्हावा. १९६३ आणि १९६५ या दोन वर्षी तो जगज्जेता झाला. फॉर्म्युला वनच्या ७२ शर्यतींत भाग घेतला आणि त्यातल्या २५ जिंकल्या. त्या काळी इतक्या शर्यती कुणीच जिंकल्या नव्हत्या. आणि गंमत अशी, की हाच माणूस गाडीतून उतरला की लाजाळू व्हायचा, सारखी नखं कुरतडायचा. (आमच्या वर्गात हे ऐकून तिघांनी तोंडातलं बोट पटकन बाहेर काढलं!)

आता त्याची गाडी कशी होती ते ऐका. तुमच्यापैकी ज्यांनी शंकरपट पाहिला असेल त्यांना हे लवकर कळेल. पटाच्या हलक्या गाडीवर धुरकरी कसा असतो? त्याला ना आधार, ना बांधलेला पट्टा. बैल उधळले तर तो कुठं जाऊन पडेल याचा नेम नाही. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पट पाहिला आहे, आणि एक धुरकरी पडल्यावर सगळा गलका क्षणात कसा थांबला तेही मला आठवतं. जिमची लोटस गाडी तशीच, फक्त बैलांच्या जागी इंजिन. वजन कमी करायचं म्हणून अंग ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं. चालक जवळजवळ आडवा झोपलेला, आणि त्याच्या दोन्ही कुशींना पेट्रोलच्या टाक्या! पट्टा बांधायची रीत नव्हती. उलट कितीतरी चालक म्हणत, की अपघात झाला तर बाहेर फेकलं गेलेलं बरं, आत अडकून जळायला नको. विचार करा, कशातून निवड करायची होती त्यांना.

रस्तेही तसेच. बेल्जियममधलं स्पा हे शर्यतीचं ठिकाण म्हणजे तेव्हा नेहमीच्या वाहतुकीचा रस्ता, एका फेरीला १४ किलोमीटर. कडेला घरं, झाडं, तारांचे खांब, शेतांची कुंपणं. १९६० साली तिथल्या एकाच शर्यतीत दोन तरुण चालक गेले. त्यातला ॲलन स्टेसी हा जिमच्याच संघातला. जिमला स्पा तेव्हापासून कधीच आवडलं नाही. पण १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं तिथली शर्यत त्यानंच जिंकली!

आणि मग ७ एप्रिल १९६८. जर्मनीत हॉकेनहाइमला एक तुलनेनं छोटी शर्यत होती. रस्ता दाट झाडीतून जाणारा, हवा ओलसर. मागच्या एका टायरमधली हवा हळूहळू कमी होत गेली असावी, असं नंतर तपासणाऱ्यांना वाटलं. दोनशेहून जास्त वेगातली गाडी एकाएकी रस्ता सोडून झाडांत गेली. मधे कठडा नव्हता. जिम वाचला नाही. तो ३२ वर्षांचा होता.

"चांगला डायवर असला तर" या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. जिमसारखाच अपघात होऊ शकतो, तर आपली काय कथा, असं म्हणून बाकीचे चालक हादरले. हॉकेनहाइमच्या झाडीत पुढं कठडे बसवले गेले.

पण माझ्या मुलांना सगळ्यात आवडला तो जिमचा मित्र जॅकी स्टुअर्ट. हाही स्कॉटलंडचाच. अक्षरं ओळखायला त्याला फार त्रास व्हायचा, म्हणून शाळेत तो ढ ठरला. त्याला डिस्लेक्सिया आहे हे कळलं तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. (हे वाक्य मी आम्हा शिक्षकांसाठी लिहिते आहे.) १९६६ मध्ये स्पाला पावसात जॅकीची गाडी रस्त्याबाहेर गेली आणि मोडली. तो आत अडकला, कपडे पेट्रोलनं भिजलेले, एक ठिणगी पडली असती तरी संपलं होतं. त्याला बाहेर काढायला स्टिअरिंग काढावं लागणार होतं आणि त्याला लागतो पाना. तो कुणाकडंच नव्हता! ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोघा चालकांनी धाव घेतली, एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि जॅकीला सोडवलं. तोवर सुमारे २५ मिनिटं गेली होती.

त्यानंतर जॅकीनं काय करावं? आपल्या गाडीत स्टिअरिंगजवळ एक पाना चिकटपट्टीनं कायमचा लावून ठेवला. पट्टे, कठडे, डॉक्टर, आग विझवणारी माणसं हवीत म्हणून तो भांडू लागला. लोक त्याला भित्रा म्हणाले. हा 'भित्रा' तीनदा जगज्जेता झाला, बरं का! १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये पट्टा सक्तीचा झाला. २०२० साली बहरीनमध्ये रोमां ग्रोजाँची गाडी पत्र्याची भिंत चिरून गेली, दोन तुकडे होऊन पेटली. पट्टा होता, डोक्यावर मजबूत कडं होतं, म्हणून २८ सेकंदांत तो ज्वाळांतून स्वतः बाहेर आला.

तुम्हाला वाटेल, आमच्या खेड्यातल्या मुलांना शर्यतीच्या गाड्यांचं काय? सांगते. आमच्या वर्गातल्या काहींचे बाबा पुण्याला कामाला आहेत. दिवाळीला, पोळ्याला ते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं याच रस्त्यानं येतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटली आणि पेटली. २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळं दारातून निघणं शक्य नव्हतं. काच फोडता आली ते वाचले. आमच्या गावात ती सकाळ कुणी विसरलेलं नाही, मुलंसुद्धा नाहीत. म्हणून जॅकीच्या पान्याची गोष्ट सांगताना वर्ग इतका शांत झाला, की माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला.

मग मी त्यांना बसमधलं मागचं संकटकालीन दार आणि काच फोडायची छोटी हातोडी फळ्यावर काढून दाखवली.

दुसऱ्या दिवशी तोच पत्र्याच्या भिंतीवाला मुलगा प्रार्थनेआधीच माझ्याकडं आला. "मॅडम, म्या रात्री बाबाले फोन लावला होता. म्हटलं, गाडीत बसले का पयले हातोडी पाहा." चारपाच दिवसांनी बाबा गावी आले आणि उत्तर घेऊन आले. हातोडी अडकवायचा हूक होता, हातोडी नव्हती. तेव्हापासून म्हणे ते पुण्याला जाताना भाकरीच्या पिशवीत एक पाना ठेवतात.