जुना धनी, नवी जोडी

व्याकरण शिकविणाऱ्याने मोटारींवर लिहावे, हे आमच्या घरी कुणालाच पटलेले नाही. पण जुन्नर तालुक्यातील खोडदची रेडिओ-दुर्बीण पाहिल्यापासून मला दुसरे सुचत नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या 30 तबकड्या. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर!

तबकडी फिरविणाऱ्या प्रत्येक आसाला दोन मोटारी. गंमत अशी, की त्या एकमेकींना किंचित उलट ओढतात. त्यामुळे दातेरी चाकांत फट राहत नाही आणि तबकडी वाऱ्यात डुलत नाही. जुन्या मोटारींचे कार्बनचे ब्रश झिजत; म्हणून पुढे बिनब्रशच्या मोटारी आणि त्यांचे नवे ड्राइव्ह आले. अशा वेळी हुकूम सोडणारा नियंत्रक जुना असला, तर त्याची भाषा नव्या जोडीला शिकवावी लागते. ओढ जराशी चुकली, की तबकडी लक्ष्याभोवती थरथरलीच.

खरी पंचाईत निराळीच. नवा ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो; त्यातून रेडिओ-गोंगाट उठतो. आकाशातली कुजबुज ऐकावयास बसलेल्या घरातच हा बडबड्या! त्याला धातूच्या पेटीत कोंडावे लागते, तारांनाही गाळण्या बसवाव्या लागतात.

हे ऐकून ही म्हणाली, “तुमच्या मापाची पेटी मिळते का, तेवढे विचारून या.”